मास्तरांचं अर्धं ताट

गल्लीतल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. उभ्या जन्मात त्यांची कात्री वाकडी गेली नव्हती. ती जाऊ लागली तेव्हा गिऱ्हाइकं म्हणाली, वय झालं. मान ताठ, नजर समोर, असे चालताना ते दोनदा आपटले, तर शेजारी म्हणाले, शिष्ट झालेत. आणि अर्धं ताट तसंच राहू लागलं, तेव्हा डॉक्टरांनी भूक वाढवायचं औषध दिलं. वर्षभर! ती बाटली डॉक्टरांच्याच टेबलावर आपटावी, असं मास्तरीणबाईंना वाटे. भूक होती हो माणसाला.

दोष मात्र सगळे मास्तरांनाच देत. एक घास तोंडात असतानाच ते दुसरा कोंबत, पाणी प्यायले की ठसका लागे. धाकटे दीर म्हणत, "वहिनी, दादाला आवरा. हावरटासारखं काय खातो?"

उरलेलं अन्न नेहमी ताटाच्या अलीकडच्याच बाजूला असतं, हे बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी ताट फिरवलं, तर मास्तरांनी तेही संपवलं. नव्या डॉक्टरीणबाईंना हे सांगताच त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांपुढे बोट धरून हळूच खाली नेलं. नजर खाली उतरलीच नाही. मेंदूचा दुर्मिळ आजार, त्या म्हणाल्या, वाढतच जाणार. डोळे खाली वळत नाहीत, गिळणं वेळेवर होत नाही, हाताला थांबवणारा लगामही सुटतो. पाणी दाट करून पाजा. घास लहान, आणि पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही.

रविवारी दिरांचे व्याही जेवायला यायचे होते.

"दादाचं ताट आतल्या खोलीत लावू या का? चारचौघांत ठसका लागला तर..."

"ज्यांच्या शिलाईवर तुम्ही शिकलात, त्यांनी आत बसायचं? लाज वाटत असेल तर तुम्ही आत बसा, भावजी. वाढायला येईन मी."

दुकानातली बाह्यांना इस्त्री करायची लाकडी घोडी बाईंनी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि तिच्यावर मास्तरांचं ताट. व्याही बघत राहिले. बघेनात का. मास्तरांना आता सगळं ताट दिसत होतं, आणि ताटापलीकडे बसलेले धाकटे बंधूही.

"कॉलर," मास्तर घोगऱ्या आवाजात अडखळत म्हणाले, "वाकडी आहे तुझी. कोणी शिवली?"

दिरांचा हात गळ्याशी गेला.

"आधी तोंडातला गिळा," बाई म्हणाल्या, "मग काढा त्यांची मापं."