काळ्या देठाची बारा पानं

जून २००५, शनिवार. मिल्टन कीन्सपासून पाऊण तासावरचं एक फार्म. तिकिटं मोठ्यांची दोन, लहानाचं एक, एकूण साडेतेरा पौंड. हजर: मी, गुहागरहून तीन महिन्यांसाठी आलेली माझी आई आणि इथेच जन्मलेली माझी अकरा वर्षांची मुलगी.

बाहेर गहू आणि मेंढ्या. आत, तापवलेल्या काचघरांत केळी, पपई, हळद. दार उघडताच चष्म्यावर वाफ धरली. केळींच्या बुंध्याशी बदकं गोगलगाई टिपत फिरत होती. मुलगी लावे पक्षी पाहायला धावली. आई मात्र सावलीतल्या एका वाफ्यापाशी थांबली.

"अरे, हे तर वडीचं अळू!"

आदल्या आठवड्यात मी तिला स्ट्रॉबेरीच्या मळ्यावर नेलं होतं. तिथे आपणच तोडायचं आणि निघताना वजन करून पैसे द्यायचे. इथेही तसंच असणार, असं मीच तिला सांगितलं. तिने काळ्या देठाची बारा पानं खुडली, प्रत्येक रोपाचं मधलं सुरळीतलं पान राखून.

गल्ल्यावर मालकीण होती, साठीची गोरी बाई. पिशवी पाहून तिचा चेहराच बदलला. ही शोभेची झाडं आहेत, म्हणाली, आणि विषारी आहेत, घसा सुजेल.

"आजी, ती म्हणते हे पॉयझनस आहे." मुलीचे कान लाल झाले होते. मागे रांग थांबली होती.

मी पाकीट काढलं. "सॉरी म्हणू, पैसे देऊ आणि निघू."

"तू गप रे. तोडलं मी, सॉरीही मीच म्हणेन. पण विष कसं? बाळा, तिला सांग, चिंच घातली की खाजत नाही."

मुलीने सांगितलं. मालकिणीला पटलं नाही. पानं हवी तर न्या, पण विषाचे पैसे मी घेणार नाही, म्हणाली.

गाडीत आई एवढंच बोलली, "फुकट आणलं म्हणजे चोरीच झाली. तीही नातीसमोर."

रविवारी तिने पानांना बेसन-चिंच लावून, गुंडाळून उंडे वाफवले. निम्मे आम्ही खाल्ले, निम्मे फ्रीझरमध्ये. पुढच्या शनिवारी सकाळी ते तळून तिने डबा भरला आणि आम्ही पुन्हा फार्मवर गेलो.

गल्ल्यापाशी आईने आधी स्वतः एक वडी खाल्ली. मग मुलीने, कोणी न सांगता. मालकिणीने कोपरा मोडून तोंडात टाकला, गिळून थोडी थांबली, मग उरलेली खाल्ली आणि दुसरी उचलली.

"माय ग्रॅन मेड दीज," मुलगी रांगेकडे वळून म्हणाली. शाळेच्या स्टेजवरही तिचा आवाज कधी एवढा चढला नव्हता. माझा ऊर भरून आला, दोघींसाठी.

आता मालकिणीने भाव सांगितला, पानाला पन्नास पेन्स. कोथिंबिरीच्या जुडीवरही घासाघीस करणाऱ्या आईने चकार शब्द काढला नाही. बारा पानांचे सहा पौंड, पाचाची नोट आणि एक नाणं, तिने आपल्या बटव्यातून काढून मालकिणीच्या हातात दिले.