अंगठ्याचा ठसा

पनवेलला आमच्या गुणामावशीचा नवरा दयाराम गणपतीच्या मूर्ती घडवायचा. ओल्या कुंचल्याने त्याच्या बोटांचे ठसे पुसून माती गुळगुळीत करणं हे मावशीचं काम. देवाच्या अंगावर माणसाचा ठसा राहू द्यायचा नाही, ही घरची रीत. दयाराम गेला तेव्हा ती रडली नाही. तिने कारखान्याला कुलूप लावलं, बस्स.

बासष्ट साली शाळेत, खिडक्यांना घोंगड्या लावून, भरदुपारी गावातल्या बायकांना परदेशी सिनेमा दाखवला. पडद्यावर मातीची म्हातारी बाहुली दाराशी कुणाची तरी वाट बघत होती. बायका खिदळत होत्या. मावशी मात्र हमसून हमसून रडायला लागली.

"अगं, बाहुली आहे ती!" मी म्हटलं.

"तिच्या गालावर अंगठा उमटलाय बघ. कुनीतरी हातानं हलवलीय तिला, आनि ठसा पुसला नाय. मी त्यांचे सगले पुसले गो. एक पन ठेवला नाय."

दुसऱ्याच दिवशी तिने कुलूप काढून माती भिजवली. त्या वर्षी अकरा मूर्ती एकटीने केल्या. एका गिऱ्हाइकाने मूर्तीच्या पाठीवर बोट ठेवलं. "बाई, हा ठसा पुसायचा राहिलाय."

"राहिला नाय, ठेवलाय," मावशी म्हणाली. "नको असंल तर मूर्ती खाली ठेव."