राघो मिस्त्रीनं चढवलेलं शेवटचं इंजिन

भिवंडीच्या निजामपुऱ्यात राघो मिस्त्रीच्या गॅरेजच्या दोन्ही अंगांना कापडाच्या मागांचे कारखाने, दिवसभर नुसता खडखडाट. त्यातूनही गल्लीच्या तोंडाशी आलेल्या गाडीचं दुखणं राघो हातातलं काम न सोडता आवाजावरून सांगायचा. दिघाशीच्या बौद्धवाड्यातला हा माणूस कल्याणच्या एका गॅरेजात गाड्या पुसता पुसता काम शिकला. चौऱ्याहत्तर साली त्यानं स्वतःचं शटर उघडलं, तेव्हा वाड्यातली माणसं ते बघायला मुद्दाम भिवंडीत आली होती.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात शेलार गावच्या केसरीनाथनं त्याच्याकडे डिझेलची जीप आणली. इंजिन काळा धूर ओकत होतं. राघोनं ते खाली उतरवलं, पिस्टन-रिंगा बदलल्या, बाराव्या दिवशी परत चढवलं. आणि जीप काही सुरू होईना.

त्यानं बॅटरी बदलली. डिझेलच्या नळीतली हवा काढली. पंप खोलून पुन्हा बसवला. स्टार्टर फिरे, थोडा पांढरा धूर येई आणि सगळं थंड. तीन दिवस हेच चाललं. केसरीनाथची आई रंगूबाई आजारी होती, दर सोमवारी तिला ठाण्याला डॉक्टरकडे न्यावं लागे.

"दादा, आयेला एसटीचे धक्के सोसत न्हाय," केसरीनाथ एवढंच म्हणाला. तो ओरडला असता तर राघोला बरं वाटलं असतं.

एक जागा राघोनं तपासली नव्हती. इंजिनाच्या पुढच्या झाकणाआड दोन दातेरी चाकं असतात. त्यांवरच्या खुणा समोरासमोर आणाव्या लागतात, नाहीतर सगळा मेळच चुकतो. त्या खुणा त्यानं पाहून जुळवल्या नव्हत्या, नखानं चाचपल्या होत्या. वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग केलेलं. दोन वर्षांपासून जवळचं सगळं गढूळ दिसत होतं. हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. झाकण उघडायचं तर खुणा दुसऱ्याला बघायला लावाव्या लागणार, म्हणजे सगळंच उघडं पडणार होतं.

म्हणून शुक्रवारी, मागांना सुट्टी आणि गल्ली मोकळी असताना, ओढून सुरू करायला त्यानं जीप साखळीनं टेम्पोला बांधली. केसरीनाथला स्टीअरिंगवर बसवलं. टेम्पोनं वेग घेतला तसा राघो मागून धावत ओरडला, "सोड क्लच!"

खट्ट.

इतर दिवशी ते मागांच्या आवाजात बुडालं असतं. त्या दिवशी साऱ्या गल्लीनं ऐकलं. चुकलेल्या मेळानं पिस्टन आदळून इंजिनातले व्हॉल्व्ह वाकले होते. राघो रस्त्यातच खाली बसला.

दुपारी त्याची बायको कलावती डबा घेऊन आली तेव्हा तो झाकण काढत होता. केसरीनाथ बाकड्यावर बसून होता.

"टॉर्च धर," राघो तिला म्हणाला. "दोन्ही चाकांवर बारीक खुणा हायेत. कुठं हायेत ते सांग."

ती वाकली. "एक ही खाली. दुसरी... दोन दाते सोडून वर." मग तिनं मान वळवली. "अहो, तुमाला हे दिसत न्हाय?"

"न्हाय. दोन वर्सं झाली." मग तो बाकड्याकडे वळला. "केसरीनाथ, चूक माझी हाय. तुझं इंजिन मीच मोडलं."

केसरीनाथ बाकड्यावरून उठून इंजिनापाशी आला. "आधी बोलला असतास, दादा," तो म्हणाला, "तर खुणा मीच बघितल्या असत्या."

त्याच टेम्पोनं जीप दुसऱ्या गॅरेजात गेली. केसरीनाथनं कुठं चकार शब्द काढला नाही, पण गल्लीला सगळं कळलं होतं. ठाण्याच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरनं राघोचे डोळे तपासले आणि गेलेली नजर परत येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. "मी बघून सांगीन, तुमी हातानं करा," कलावती म्हणाली. काही महिने दोघांनी तसं करूनही पाहिलं. चार-दोन स्कूटर आल्या, इंजिन कुणी आणलं नाही. दिवाळीला शटर दुसऱ्याकडे गेलं.

कलावती एका कारखान्यात मागांसाठी सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. राघो घरी तांदूळ निवडून ठेवायचा. खडे राहायचेच. संध्याकाळी ती परत आली की, तो बाहेर जाऊन बसल्यावर, तेच ताट पुढ्यात ओढून पुन्हा निवडायची.