भावोजींची चूक काढणे

चूक दाखवल्यावर ज्याचा चेहरा खुलतो असा एकच माणूस मी जगात पाहिला, तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. एकदा भर बाजारात ताई त्यांच्या कानाशी लागली, "अहो, सदरा उलटा घातलाय." दुसऱ्या कोणी आडोसा शोधला असता. भावोजी तिथेच उभे राहून विचारतात, "तुला कशावरून कळलं? शिवणीवरून की खिशावरून?" ताई लाजून अर्धी झाली, पण उत्तर मिळेपर्यंत हे हलायला तयार नाहीत! रविवारी मी त्यांच्याकडेच जेवायला असे, आणि आमटी भावोजी स्वतः करत. ती खारट झाली म्हणावं, तर आपलं जेवण बाजूला ठेवून आमची उलटतपासणी सुरू.

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या ज्या बर्फाच्या कारखान्यात मी कारकून होतो, तिथेच ते होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे कॉम्प्युटर आला आणि भावोजींनी प्रोग्रॅम लिहिला. तिथीवरून भरतीची वेळ काढायची, म्हणजे बोटी बंदरात कधी शिरणार आणि बर्फाची गाडी कधी सोडायची ते कळतं. तो तपासायला मुंबईच्या हेड ऑफिसातून साहेब आले. पसंत पडला नाही तर मशीन परत मुंबईला, आणि भावोजींची नोकरी अधांतरी.

साहेबांनी सगळे कागद लाल पेन्सिलीने रंगवले. "रोज एकेक तिथी पुढे ढकललीत. मधेच क्षयतिथी आली, एखादी तिथी गळालीच तर?"

आम्ही माना खाली घातल्या. भावोजी मात्र खुर्ची ओढून साहेबांना चिकटलेच. "अरेच्चा! घरात भिंतीवर पंचांग, नि माझ्या ध्यानातच नाय! साहेब, तुम्हाला कसं हो सुचलं?"

हा प्रश्न साहेबांना जन्मात कोणी विचारला नसावा. "आमची आई तिथी बघून उपास करते," ते जरा ओशाळून म्हणाले. मग दोघे एकेक शेरा घेऊन बसले, चहा निवला तरी उठेनात. एका ओळीवरच्या फुलीपाशी भावोजी अडले.

"पावसाळ्यात गाडी सोडायची नाही, ही ओळ तेवढी राहू दे, साहेब. पावसात बोटी वर ओढलेल्या असतात. भरती येईल, बोटी कुठून येणार?"

साहेबांनी आपली फुली आपणच खोडली.

मशीन रत्नागिरीत राहिलं. भावोजींना मात्र साहेब मुंबईला घेऊन गेले, पाठोपाठ ताईही गेली. साहेबांना तिथले प्रोग्रॅम तपासायला म्हणे असाच माणूस हवा होता. नोकरी जाऊ नये म्हणून आम्ही देव पाण्यात ठेवले होते. माणूसच जाईल, हे कोणाला सुचलं नव्हतं. त्यांची आठवण येते, फार येते. अजून रविवारी ताईच्या कुलूपबंद दारावरून जाताना माझे पाय थबकतात.