सुन्न हात, सैल हात

हिंगणघाटात मोडलेले हात सुन्न करायचं काम कित्येक वर्षं भूलतज्ज्ञ डॉ. धनंजय झाडेंकडेच होतं. फोन आला की बॅग स्कूटरला अडकवून ते या दवाखान्यातून त्या दवाखान्यात जात. मग गावात डॉ. समीक्षा आली आणि हाडांचे डॉक्टर विवेक यांचे फोन झाडेंना कमी येऊ लागले.

रीत दोघांची एकच. दंडावर हवेचा पट्टा आवळायचा आणि त्याखालच्या शिरेत सुन्न करणारं औषध सोडायचं. समीक्षा त्यात स्नायू सैल करणारं औषध किंचित मिसळायची. हात सुन्न तर व्हायचाच, वर लुळा पडायचा. हाड झटापट न करता जागेवर बसायचं.

“पट्टा मधेच सुटला तर ते औषध अंगभर जाईल. मग पेशंटचा श्वास काय ती घेईल?” झाडे जेवताना म्हणाले.

“अजून सुटला नाई ना?” बायको ज्योत्स्ना म्हणाली. “का तुम्ही वाट पाहून राह्यले?”

झाडेंनी ताट सारलं. वाट ते पाहतच होते.

समीक्षा पुलगावला माहेरी गेली असताना विवेकचा फोन आला. जिनिंगमधला तानबा कापसाच्या गंजीवरून पडला होता. मनगट मोडलेलं, हात पहिलवानाचा. “सर, समीक्षासारखं करा. जमत नसंल तर थांबतो, उद्या तिलेच बोलावतो.”

झाडेंना प्रमाण ठाऊक नव्हतं आणि अंदाजानं औषध द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. थिएटरबाहेर उभं राहून त्यांनी समीक्षालाच फोन लावला. औषध किती, पट्टा किती वेळ, तिनं सगळं नीट सांगितलं, वर म्हणाली, “सर, तुम्हाला मी काय सांगणार!” टोमणा असता तर बरं झालं असतं.

तानबाचा हात ओल्या दुपट्ट्यासारखा पडला. मान वळवून त्यानं विचारलं, “डॉक्टरसाहेब, हा हात माहाच हाये ना?”

विवेकनं ओढलं, हाड बसलं. “वा! मानलं समीक्षाले!”

झाडे पट्ट्यातली हवा दाखवणाऱ्या काट्यावर नजर रोखून बसले होते. तो हलला नाही. पट्टा त्यांनी उशिरानं, सावकाश सोडला आणि तानबाचा श्वास बराच वेळ पाहत राहिले.

“असे हात आता तुम्हालेच देत जाईन,” जाताना विवेक म्हणाला. गेलेलं काम परत आलं.

स्कूटरपाशी समीक्षाचा फोन आला. “सर, कसं झालं?”

“पट्टा तुझ्यापेक्षा जास्त वेळ ठेवला,” झाडे म्हणाले.