आईचं लुगडं आज कापलं

मंडळी, आज सकाळी माझी भाची मानवतला घरी आली. सातवा महिना चालू आहे तिला. म्हणाली, "आत्या, बाळाच्या गोधडीला एखादं जुनं लुगडं द्या की."

आमच्याकडं तान्ह्या बाळाला कोऱ्या कापडावर निजवत नाहीत. घरातल्या कुणीतरी नेसून, धुऊन धुऊन मऊ झालेलंच लागतं.

कपाटात आईचं एकच लुगडं उरलं होतं. सत्तरच्या दशकात मी कापडाचं डिझाइन शिकायला एक्सचेंज स्टुडंट म्हणून वर्षभर स्वीडनला गेले, तेव्हा आईनं ते माझ्या ट्रंकेत घातलेलं.

तिथं बाईंनी सांगितलं, घरचं कापड आणा आणि तुकडे जोडून नमुना करा. बाकीच्या मुलींनी नवी कोरी कापडं आणली. माझं विटकं लुगडं बघून बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे नवं मिळत नाही का?" मी बाळाच्या गोधडीचं सांगितलं. त्यांनी लुगडं गालाला लावून बघितलं आणि कात्री माझ्या हातात दिली.

मला काही ते कापवलं नाही. वर्गाच्या भिंतीवर माझ्या एकटीचाच नमुना लागला नाही.

आज भाचीच म्हणायली, "ऱ्हाऊ द्या आत्या, आजीचं हाय. दुसरं बघू." तोवर माझी कात्री चालली होती. यावर आता कुणीतरी झोपणार आहे.

तुमच्या पहिल्या गोधडीत कुणाचं लुगडं होतं? आई असेल तर आजच विचारून घ्या. माझं विचारायचं राहिलं.