आत्यांचं सर्वनाम

मिरजेच्या एका दवाखान्यात आम्रपाली सोळा वर्षं आया होती. तासगावहून पहिल्या एसटीनं यायची. चादरी, बेडपॅन, फरशी उरकून संध्याकाळी परत. दहावी झालेली, अक्षर रेखीव. त्यामुळे पेशंटांचं रजिस्टर लिहायला दवाखान्यातलंच माणूस घ्यायचं ठरलं, तेव्हा तिनं नाव दिलं. परीक्षा इंग्रजीची. वाक्यातलं नाम कोणतं, सर्वनाम कोणतं, क्रियापद कोणतं ते ओळखायचं आणि घरच्या एका माणसावर पाच ओळी लिहायच्या.

शब्द तिनं झटझट ओळखले. घसरली ती पाच ओळींत. सासूबाईंवर लिहिलं, आणि जागोजागी 'दे'. दे गेट अप ॲट फाइव्ह. दे वर्क हार्ड.

"आम्रपाली, तुला सासवा किती गं?" मेट्रननं विचारलं. अख्खा वॉर्ड हसला. "एका बाईला 'शी' म्हणतात. सोमवारी पुन्हा बस. त्यानंतर मात्र दुसरीला घेणार."

आठवडाभर ती वही घेऊन बसली. पण सासूबाईंवरची ओळ आली की पेन अडायचं. लग्नानंतर तिला दहावीला बसवलं होतं ते याच बनाबाईंनी, भावकीची बोलणी खाऊन. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या समोर बेदाणा निवडत होत्या.

"का गं, थांबलीस का?"

"आत्या, तुमाला 'शी' म्हणायचं हाय." सासूबाईंना ती आत्या म्हणायची.

"शी? मी काय घाण केली?"

आम्रपालीला हसू आवरेना. "आवं, इंग्रजीत 'ती'ला 'शी' म्हणत्यात. पर तुमाला मी 'ती आली, ती गेली' कसं म्हणू?"

बनाबाईंनी एक काडी वेचून बाजूला टाकली. "तुज्या मेट्रनबाईला काय म्हंत्यात?"

"शी."

"डाक्टरीणबाईला?"

"त्यास्नीबी शी."

"आन कलेक्टरीनबाई आली तर?"

"शीच, आत्या."

बनाबाईंचे हात थांबले. "मग मला येगळं काडतीस व्हय? ल्हानपणी गावजेवणात आमची पंगत शेवटाला, तीबी लांब. हितं एका शब्दात समद्या एका पंगतीला बसल्यात, आन माजीच सून मला उठवतीया! लिव, शी!"

सोमवारी पहिल्या ओळीत सासूबाईंचं नाव आलं. उरलेल्या चारही 'शी'नं सुरू झाल्या. शेवटची होती, शी सेंट मी टू स्कूल. मेट्रननं ती दोनदा वाचली. कपाटातून रजिस्टर काढलं आणि आम्रपालीच्या हातात दिलं.

पुढच्या महिन्यात बनाबाई डोळे दाखवायला मिरजेला आल्या. सून टेबलामागच्या खुर्चीत, पुढ्यात उघडं रजिस्टर. डॉक्टरीणबाई समोरून गेल्या, तशा बनाबाई सुनेकडे वाकल्या.

"हीबी शीच का गं?"

"व्हय, आत्या."

"आन मी?"

आम्रपालीनं रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. नुकतीच लिहिलेली नोंद होती, बनाबाई, वय चौऱ्याहत्तर, शी हॅज कम फ्रॉम तासगाव. तिनं 'शी'वर बोट ठेवलं. बनाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती तीन इंग्रजी अक्षरं बोटानं चाचपली, पदर नीट केला, आणि कडेला न टेकता बाकाच्या अगदी मधोमध जाऊन ताठ बसल्या.